प्रति खुर्ची उत्पन्न

तिमाहीचा निकाल लागला तेव्हा
मी गोळीबार चौकातल्या शाखेत
एका अक्कलदाढेच्या मुळाशी झगडत होतो.
निव्वळ नफा एकोणीस टक्के वर,
हेमलता निनावेनं दारातूनच सांगितलं,
आणि पेशंटनं, तोंड उघडंच असल्यामुळे,
'आँ' एवढंच मत दिलं.

कंपनी आता शेअर बाजारात आहे.
मी दवाखाना विकला तेव्हा खुर्च्या दोन होत्या,
एकीचा पाय लाकडी गुटक्यावर,
आणि पाटीवर माझ्या नावातला 'लां' उन्हानं खाल्लेला.
डॉ. शालिग्राम जेवार.
लोक त्याच नावानं विचारत यायचे.

खोटं कशाला बोलू,
तेव्हा मी हत्यारं प्रेशर कुकरमध्ये उकळायचो.
हेमलताचा पगार कधी पाचला, कधी पंधराला.
मे महिन्यात लाइट गेली की ड्रिल दातातच थांबायचं
आणि मी आणि पेशंट
दोघंही छताकडे बघत घाम पुसायचो.
आता पगार एक तारखेला, हत्यारं पाकीटबंद.
मला त्यांनी अर्धे पैसे रोख दिले, अर्धे शेअरमध्ये.
लेकीचं एम.डी. त्यात झालं.

संध्याकाळी कॉल.
मुंबईहून एक पातळ आवाज विचारतो,
प्रति खुर्ची उत्पन्न नागपुरात का अडलंय?
आमचे साहेब म्हणतात, विदर्भात हेडरूम प्रचंड आहे.
मनीषनगर, बेसा, वाडी, पुढच्या वर्षी कामठी,
चौदाच्या चोवीस शाखा.
तोंडं आहेतच, म्हणतात,
फक्त पोचायचंय.

हेडरूम मला माहीत आहे.
ती खालच्या पानठेल्यावर बसलेली असते,
पन्नीत खर्रा घोटत.
अठरा वर्षांचं पोट्टं, तोंडात तीन बोटं जात नाहीत,
म्हणतं, "काही नाही डॉक्टर, सावजी खाल्लं का जळजळ होते फक्त."
गालाची आतली बाजू पांढरी, ताठ,
त्याच्या आजोबाच्या मागावरच्या ताण्यासारखी.
त्याला मी खर्रा सोड म्हणून अर्धा तास सांगतो.
त्या अर्ध्या तासाचं उत्पन्न शून्य.
त्यानं नाही सोडला, तर पुढं उत्पन्नच उत्पन्न.
हे कॉलवर कुणी विचारत नाही.
मीही बोलत नाही. माझा माइक बंद आहे.
माझ्याकडे अकरा हजार शेअर आहेत.

बंद करायच्या वेळेला पार्बताबाई पौनीकर आल्या,
रुमालात कवळी बांधून.
"जेवार डॉक्टर, टोचते हो, डाव्या अंगानं."
बावीस वर्षांपूर्वी मीच केलेली.
पैसे हप्त्यानं आले होते, आणि शेवटच्या हप्त्याऐवजी
माझ्या आईसाठी एक सुती लुगडं,
त्यांच्याच घरी विणलेलं.
कवळी तशीच आहे. हिरडी तेवढी झिजत गेली.

अशा वेळी काय सांगायचं ते आम्हाला छापून दिलंय:
नवीन बसवा, इम्प्लांट करा, बिनव्याजी हप्ते.
मी त्यातली दोन वाक्यं म्हणालोसुद्धा.
बाई हसल्या. दात हातात, हसू तोंडात.
"मी किती दिसाची बाप्पा,
अन् दात किती वर्साचे बसवून राहिले तुम्ही!"

चाळीस सेकंद घासली असेल. गुलाबी भुगा बोटांवर.
बसवली. त्यांनी आधी हवाच दोनदा चावून पाहिली,
मग पदराच्या गाठीतून एक फुटाणा काढला
आणि कडकन फोडला.

रकमेशिवाय सॉफ्टवेअर केस मिटवू देत नाही.
शून्य टाकलं की म्हणतं, कारण निवडा:
सवलत. तक्रार. कर्मचाऱ्याचे नातेवाईक. इतर.
मी बराच वेळ बाण नुसता फिरवत बसलो.
शेअर दोन रुपये ऐंशी पैशांनी वर बंद झाला होता.
हेमलता एकेक दिवा विझवत माझ्यापर्यंत आली,
पडद्यावर वाकली.
"नातेवाईक टाका न सर," म्हणाली,
"कोण पाहून राहिलं."